वसुधाकाकूंचा पातळ पत्रा

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या मराठी मंडळात वसुधाकाकूंना सगळे वचकून असत. कुणाच्या घरी गेल्या की बाई आधी गॅसच्या शेगडीपाशी नाक नेऊन वास घेणार, मग चहाला बसणार! पण त्यांचा तरी काय दोष? बंद टाक्यांमध्ये पीठ, साखर, कोळशाची भुकटी उडवायची, मुद्दाम ठिणगी टाकायची आणि काय होतं ते मोजायचं, यातच त्यांची प्रयोगशाळेतली अख्खी नोकरी सरली होती.

उल्हास हा त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा. २००६ साली त्यानं कॉम्प्युटरची नोकरी सोडून बेसनाची गिरणी टाकली. खंडेनवमीची यंत्रपूजा रविवार गाठून ठेवली आणि पूजेचा मान काकूंना दिला. गिरणीच्या गोदामामागे उघड्यावर पिठाची उंच, बंद टाकी होती. तिच्या अंगावरच्या चौकोनी पत्र्याला काकूंनी हळदकुंकू लावलं आणि सवयीनं टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"उल्हास, हा कुठला पत्रा?"

"जाड बसवून घेतला, काकू! कंपनीनं दिलेला अगदीच तकलादू होता, वाऱ्यानं फडफडायचा. काम करायचं तर दणकट करावं ना!"

काकूंचा पाराच चढला. "अरे शहाण्या, तो तकलादूच हवा! पिठाचा धुरळा हवेत तरंगत असताना ठिणगी पडली की सगळा एकदम पेटतो. तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते, डोळ्याचं पातं लवायच्या आत दाब सात-आठ पट होतो. पातळ पत्रा आधी फाटला तर जाळ बाहेर निघून जातो. नाही फाटला तर टाकीच फुटते, आणि शेजारी तू उभा असतोस!"

"काकू, सणासुदीला काय हे अभद्र बोलणं! नंतर बघू की."

"बघ सावकाश. तोवर मी जेवणार नाही."

झालं! श्रीखंड-पुरीची ताटं वाढलेली आणि पूजेला बोलावलेली बाई उपाशी! उल्हासच्या बायकोनं, पद्मजानं, नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्यानं पाना घेऊन शिडीवर चढला. जुना पत्रा गोदामात पडलाच होता. तो पुन्हा बसेपर्यंत पुऱ्या पार वातड झाल्या. काकूंनी त्या निमूटपणे खाल्ल्या आणि निघताना पत्र्यासमोर उभी केलेली व्हॅनही हलवायला लावली.

पुढच्या उन्हाळ्यात काकू भेंडी चिरत बसल्या होत्या, तेवढ्यात उल्हासचा फोन आला.

"काकू, टाकीत स्फोट झाला. डाळीतून खिळा गिरणीत जाऊन ठिणगी उडाली असावी."

"कुणाला...?"

"कुणाला काही नाही. पत्रा फाटला, जाळ मागच्या मोकळ्या जागेत गेला. टाकी जागच्या जागी उभी आहे. मी अगदी लागूनच होतो, काकू."

काकूंनी विळी बाजूला सारली आणि तिथेच बसून रडून घेतलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पलीकडे उल्हासही नाक ओढत होता.

"एक सांगू, काकू? मला तेव्हा काही पटलं नव्हतं. तुम्ही उपाशी जाल म्हणून पत्रा बदलला."

"ते का मला कळलं नव्हतं?" काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मेल्या, भुकेनं जीव चालला होता माझा, तरी बसून राहिले!"