देव सिद्ध झाला ती दुपार
तमाम आस्तिक-नास्तिक जनतेस कळविण्यात येते की, देव आहे हे आमच्या ताडकळसच्या मंदिरात एका दुपारी कायमचे सिद्ध झालेले आहे. यापुढे कोणी शंका काढू नये. परवा शेजारी बुंदी तळल्याचा वास आला आणि मंदिरातला तो हरिनाम सप्ताह आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. चुलतभाऊ शहरात शिकून नास्तिक झाला होता. देवापुढे हात जोडेना, म्हणून त्याच्या आईला, माझ्या काकूला, अन्न गोड लागत नव्हतं. तिच्यासाठी मी, नास्तिकांना गप्प करतात अशी ख्याती असलेले महाराज सप्ताहात कीर्तनाला आणवले. भावालाही ओढत आणलं. तो आला तसा थेट मागे आचाऱ्याकडे गेला आणि झारा घेऊन बुंदी पाडायला बसला. "अरे, हे सगळं तुझ्यासाठी चाललंय!" मी ओरडलो. "इथं लय काम हाय, दादा. तुमी ऐका अन् मला सांगा." महाराजांसमोर बसल्या होत्या गावातल्या म्हाताऱ्या, ज्यांना देवाबद्दल जन्मात एक प्रश्न पडला नव्हता. महाराजांनी दोन तास नास्तिकांचा एकेक आक्षेप नीट समजावून सांगितला, मग खोडून काढला. मी कढईकडे बघत दात खात होतो. भाऊ आजही नास्तिकच आहे, त्याचं मला काही वाटत नाही. मला छळतो तो शेवट. "कुणाला काही शंका?" महाराजांनी विचारलं. आयुष्यभर न चुकता देवापुढे दिवा लावणारी माझी काकू चाचरत उठली. "महाराज, म्हंजे... देव न्हाई, असं बी असू शकतंय व्हय?"