काडतुसावरचं हळदकुंकू

आमच्या निमोण्याच्या घरी खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या ओळीत रायफलपण पुजायची. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रानडुकरांसाठी लायसन मिळालं होतं. डुकरं किती मारली ते विचारू नका. बंदूक खरी चालायची ती दसऱ्याला. शिवेवर आपट्याची पूजा झाली की आबा आभाळात एक बार काढायचे, आणि मग लोक सोनं लुटायचे. वर्षाला एकच बार. काडतुसं मिळायचीच मोजकी, ती एका पितळी डब्यात ठेवलेली असायची. नवमीला आई डबा उघडायची आणि एकेका काडतुसाला तुपाचं बोट, त्यावर हळद, त्यावर कुंकू लावायची. आणि पुसायचं नाही बरं का! पूजेचं कुंकू कोण पुसतं? यंदा जे उरलं त्याला पुढच्या वर्षी आणखी लेप. असे थरावर थर चढलेले. म्हसोबाला शेंदूर चढतो ना, तशी दिसायची ती.

मी लग्न होऊन दौंडला गेले होते. माझे मालक तिथल्या पोलिसांच्या कॅम्पात शिपाई. बंदुका उघडायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, हेच त्यांचं काम. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आम्ही दोघं दसऱ्याला माहेरी आलो होतो. आबा त्याच वर्षी सोसायटीची निवडणूक हरले होते. हरवलं कुणी, तर भावकीतल्याच एका चुलत्यानं. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. तोंडानं गोड आणि बोलणं दाभणासारखं.

तर त्या दिवशी दुपार कलता सगळे शिवेवर जमलेले. आबांनी काडतूस घातलं. ते पुरतं बसेना. बोल्ट, म्हणजे मागून लोटायचा तो दांडा, आबांनी तळहाताचा नेट लावून दाबला. बंदूक वर केली. चाप ओढला. टक्! बस्, एवढंच. बार नाही, काही नाही.

नाना म्हणाले, "दादा, सोसायटीगत बंदुकीनं बी साथ सोडली का काय?"

लोक हसले. आबांनी बोल्ट मागं ओढला. बोल्ट आला, काडतूस आतच राहिलं. थरांनी ते चुन्यात विटेसारखं बसलेलं. आबा बंदूक हलवायला लागले, तसे मालक गर्दीतून पुढं झाले आणि त्यांनी नळी खाली जमिनीकडं धरली.

"मामा, हलवू नका. काडतुसाच्या टोपीवर टोचा बसलाय. मागनं उशिरानं बी उडतं कवाकवा."

आता सासऱ्याच्या हातातली बंदूक जावयानं धरायची, ती पण सगळ्या गावासमोर! आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण त्यांनी बंदूक सोडली.

घरी आल्यावर मालकांनी ती मागच्या गोठ्यात नेली. जनावरं बाहेर काढली. नळी मातीच्या ढिगाकडं करून पोत्यांवर ठेवली आणि कितीतरी वेळ कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग बोल्ट काढून घेतला आणि मागच्या तोंडातून थेंब थेंब तेल सोडलं. मला म्हणाले, "हे घरी करायचं कामच न्हाई. शिरूरला ठाण्यावर कळवू, ते माणूस देतील." आबा अंगणातून ओरडले, "म्हंजी लायसन जप्त करायची वाट! इथंच काय ते करा."

शेवटी मालक म्हणाले, तेल मुरू दे. तोवर सुताराकडून नळीत जाईल अशी लांब, गुळगुळीत लाकडी काठी करून आणतो. पुढून हलकंच लोटायचं. मागून लोखंड लावायचं नाही, कारण काडतुसाचा जीव मागच्या टोपीत असतो. त्यांच्या कॅम्पातल्या एकानं म्हणे पूर्वी कुठंतरी खिळ्यानं मागून उचकटलं, आणि त्याचा पंजा फाटला, डोळा गेला. तो माणूस मी दौंडला पाहिला होता. भाजी घेताना बायको त्याला पिशवीचा बंद मनगटात अडकवून द्यायची.

जाताना मला म्हणाले, "कुणाला आत जाऊ देऊ नगं. मामांना बी."

ते गेले आणि नाना आले. कट्ट्यावर टेकून म्हणाले, "काय दादा, बंदूक जावयाला आंदण दिली व्हय?"

आबा उठले. आत गेले आणि पोती शिवायचं दाभण घेऊन बाहेर आले. गोठ्याकडं निघाले. आई चुलीपुढून "अवो, अवो" करत राहिली.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर आडवी बसले, चौकटीला पाय लावून. दसऱ्याला आलेली माहेरवाशीण उंबऱ्यात बसली तर तिला कोण ओलांडेल? आमच्याकडं तर अशा लेकीला साधा धक्का लागला तरी आई तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची.

"ऊठ," आबा म्हणाले.

"न्हाई, आबा."

"काय म्हणलीस?"

"ते येईस्तोवर न्हाई उठायची. तुमचा हात जाईल, आबा. डोळं जातील. मी बघितलंय तसलं माणूस."

"माझी बंदूक, माझा गोठा. तू लेक म्हणून आलीस का पहारेकरी म्हणून?"

नाना मागून म्हणाले, "जाऊ द्या दादा. आता घरात इचारून फिरायची सवय लावा."

आबांनी माझ्या मुस्काटात मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. कानातली कुडी तुटून शेणात पडली. मी चौकट धरूनच होते. रडत होते, पण उठले नाही. त्यांनी माझ्यावरून पाय उचलला. खरंच उचलला हो! त्यांचा पाय अधांतरी, धोतराचा सोगा माझ्या तोंडावर. तेव्हा आई धावत आली आणि त्यांच्या पायालाच मिठी मारून बसली. "लेकीला वलांडू नगा, वंश बुडंल!" आबांनी पाय मागं घेतला. दाभण अंगणात भिरकावलं आणि लिंबाखाली जाऊन आमच्याकडं पाठ करून बसले.

मालक काठी घेऊन आले. माझा गाल बघितला. सगळ्यांना लांब केलं. बंदूक फिरवून मागचं तोंड मातीच्या ढिगाकडं केलं, स्वतः बाजूला बसले, हात लांब, तोंड वळवलेलं. काठी नळीत सारून हळू लोटली. नाही. परत तेल. परत थांबले. दिवस बुडता बुडता ते सुटलं आणि पोत्यावर पडलं. पिवळं-तांबडं, चिकट, जार लागलेल्या, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं. मागच्या टोपीवर बारीक खळगा.

"मामा, हे बघा," मालक म्हणाले. "हिथं जरासं टोचलं असतं तरी उडालं असतं."

आबांनी मान वळवली नाही. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तिला घेऊन जा. लेकीनं बापाला अडीवलं, नान्याच्या म्होरं. तिचं माहेर सरलं."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. दिवाळीला मला न्यायला मुराळी आला नाही. पुढच्याही नाही. आई शिरूरच्या बाजारात यायची, तिथं चिंचेखाली भेटायची. पदराआडून शेंगांची पुरचुंडी द्यायची आणि म्हणायची, "तुझं नाव काढलं तरी ताटावरून उठत्यात गं." मालक एकदा समजूत घालायला एकटेच जाऊन आले. त्यांना चहा मिळाला, शब्द नाही.

बऱ्याच वर्षांनी राहू गावाला मामेबहिणीच्या पोरीचं लग्न होतं. मी पंगतीत वाढायला होते. बुंदीचं ताट घेऊन ओळीनं येता येता एकदम समोर आबा. केस पांढरे झालेले. पुरी दोन्ही हातांनी मोडत होते. ते सगळं मी उभी राहून बघितलं. बोटं, नखं, तळव्यावरचे घट्टे. डोळे वर केले, दोन्ही शाबूत, आणि मला ओळखलं.

"आबा, बुंदी," मी म्हटलं.

त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. मी थांबले. मागच्या वाढप्यानं ढोसलं, "चला की अक्का, पंगत खोळंबली." हात काही निघाला नाही. मी पुढच्या माणसाला वाढलं.