प्रोसेसरवरचा अंगठा

पनवेलच्या एसटी स्टँडमागे तो लॅपटॉप दुरुस्त करतो. गिऱ्हाईक कितीही घाबरलेलं असो, तापल्या लॅपटॉपवर तळवा ठेवून तो एवढंच म्हणतो, "बघू."

माझ्या जुन्या, स्वस्तातल्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला, तेव्हा अख्खा प्रबंध आत अडकला होता आणि मला घाम फुटला होता. त्याने लॅपटॉप उघडून प्रोसेसरवर अंगठा दाबला. पडदा उजळला.

"पडद्यावरचं चित्र पन हा प्रोसेसरच दाखवतो. त्याच्या खालचा सोल्डरचा टाका सुटलाय. मी दाबून ठेवतो, तुमी कॉपी करा."

अंगठा भाजत होता, पण चेहरा हलला नाही. त्या चेहऱ्याच्या भरवशावरच माझे हात चालले.

कॉपी झाली. अंगठा उचलताच पडदा विझला. भाजलेला अंगठा पाण्याच्या ग्लासात बुडवत तो हळूच म्हणाला, "मला वाटलेलं, नाय व्हनार."