पाळण्याआधीचा वरवंटा

लग्न असो, बारसं असो, मी भिंग घेऊन जाते म्हणून घरचे माझी टिंगल करतात. करू देत! जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. पर्समध्ये एकवेळ कंगवा नसेल, भिंग असतंच.

गेल्या वर्षी बेंगळुरूत, बनशंकरीला, आत्याच्या नातीचं बारसं होतं. बाळाला पाळण्यात घालण्याआधी आमच्यात वरवंट्याला कुंची घालतात, तीट लावतात आणि बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. आत्याचा वरवंटा देवघरात असायचा. चिकपेटेतलं घर सोडताना तिनं तो मांडीवर घेऊन रिक्षातून आणला होता. आमची माणसं साताऱ्याकडून इकडे आली, त्यांच्याबरोबर बैलगाडीतून आलेला, असं ती सगळ्यांना सांगायची.

सून पुण्याची. तिची आई, म्हणजे विहीणबाई, दोन दिवस आत्याच्या बोलण्याला हसत होत्या. आत्या कानडी वळणानं 'स्वल्प थांबा' म्हणाली की यांना खुदकन हसू. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आता इकडच्याच झालात हो, मराठी कसल्या!" आत्याला ते फार लागलं. भरल्या घरात तिनं वरवंटा माझ्यापुढे धरला. "तू दगडांची प्रोफेसर ना? सांग यांना, हा कुठला ते."

मी भिंग लावलं. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, मधूनच चमकणारा अभ्रक. नुसत्या डोळ्यांनीही दिसतील एवढाले कण! खनिजांना इतकं वाढायचं तर जमिनीच्या पोटात, खोलवर, अगदी सावकाश थंड व्हावं लागतं. हा ग्रॅनाइट होता. साताऱ्याकडे सगळा ज्वालामुखीचा काळा दगड, तिथे हा कुठला यायला?

गप्प बसायचं ना मी? पण माझ्या जिभेला हाड नाही. "आत्या, हा इथलाच गं."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मग आमचा कुठे गेला?" तिनं इतक्या हळू विचारलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात सून आत्याला म्हणाली, "आई, मागच्या दारी नारळ फोडायला एक काळा वरवंटा आहे की!"

मी साडी सावरत पळालेच. पण घाई करून चालणार नव्हतं. काळा दगड बेंगळुरूच्या आसपासही मिळतो. नळाखाली खसाखसा घासला, भिंग लावलं. कण इतके बारीक की वेगळे दिसेनात, म्हणजे भराभर थंड झालेला. आणि मग, अगंबाई! मोहरीएवढ्या पोकळ्या, पांढऱ्या खनिजानं भरलेल्या! लाव्हा वर येतो तेव्हा त्यातल्या वायूचे बुडबुडे होतात आणि दगड थिजला की तसेच राहतात. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून आलेली खनिजं त्यात जाऊन बसतात. आता शंकाच नको!

"सापडला!" मी अशी किंचाळले की बाळ दचकून रडायला लागलं.

मग मला कोण आवरणार? "ज्वालामुखीचा स्वभाव सिलिकेवर, म्हणजे वाळूत असते ना तिच्यावर, ठरतो," मी सुरू केलं. "ती जास्त असली की शिलारस पिठल्यासारखा घट्ट होतो, आत वाफ कोंडते आणि फट्कन उडतो. कमी असली की कढीसारखा पातळ, लांबवर पसरत जातो. आपला सह्याद्री असाच थरावर थर साचून झालाय, आणि हा त्याचा तुकडा!" विहीणबाईंनी माझ्या हातातून भिंग ओढूनच घेतलं. "अय्या, खरंच की!"

आत्या काळा वरवंटा पदरानं पुसत होती. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "कधी अदलाबदल झाली कोण जाणे! इतकी वर्षं तुझ्याकडून नारळ फोडून घेतले रे मी." सून कुंची घेऊन पुढे आली, तशी आत्यानं हात आडवा केला. मला विचारलं, "या दोघांत वयानं मोठा कोण?"

"हे काय विचारणं झालं? सह्याद्रीचा पत्ताही नव्हता, तेव्हा हा ग्रॅनाइट कधीचा इथे थंड होऊन बसलेला!"

आत्यानं काळा खाली ठेवला आणि कुंची ग्रॅनाइटला घातली.

"अहो, पण तो इथला ना?" विहीणबाई म्हणाल्या.

"थोरला असताना धाकट्याला पुढे कसं करू? आम्ही आलो तेव्हा हा इथे होता. यानं आम्हाला जागा दिली. धरा विहीणबाई, पाळण्याखालून. दोन्ही हातांनी, जड आहे."