ड्रिल मशीन आणि रबरी चपला

“मॅडम, चपला घातल्या असत्या तर माणूस जगला असता. एवढंच लिहा ना रिपोर्टमध्ये.”

कुंभिवलीच्या त्या फॅब्रिकेशन शेडचा मालक मला हेच पुन्हा पुन्हा सांगत होता. समोर ड्रिल मशीन होतं, त्याच्या हँडलवर झेंडूचा हार सुकत लटकलेला. खंडेनवमीला शेडमधले कामगार बायकापोरांना घेऊन आले होते. मशीनं धुतली, पुसली. पूजा झाली की प्रत्येक मशीन एकदा फिरवायचं अशी तिथली पद्धत, म्हणून मेन स्विच चालूच होता. या मशीनवर काम करणारा दत्ता हळदकुंकू लावायला पुढे झाला. चपला काढल्या, ओला हात मशीनला लावला आणि जागीच गेला.

विजेने माणूस मेला की विद्युत निरीक्षकाने जाऊन कारण शोधायचं असतं. तेव्हा ती निरीक्षक मी होते. रिपोर्टमध्ये ‘मृताचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द आले असते, तर मालक मोकळा झाला असता आणि दत्ताच्या बायकोचा भरपाईचा दावा लंगडा पडला असता.

ती, सुरेखा, शेडबाहेर दगडावर बसली होती. ‘मीच त्यांना चपला काढायला सांगितल्या,’ असा जबाब तिने पोलिसांना दिला होता. मालकाला तो जबाब फार आवडला होता.

मी मशीन तपासलं. केबल आत शिरते तिथे फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरचं प्लास्टिक घासून गेलं होतं आणि तांबं लोखंडाला टेकलं होतं. म्हणजे सगळं मशीनच जिवंत वायर झालेलं. असं झालं तर करंट जमिनीत निघून जावा म्हणून प्लगला तिसरी, जाड पिन असते. ती कापलेली होती. बोर्डाच्या भोकात बसत नव्हती म्हणून कुणीतरी कापली, असं शेडचा वायरमन म्हणाला.

मग मी माझा नेहमीचा बल्ब काढला. जुना, तारेचा, शंभर वॉटचा. एक टोक मशीनच्या अंगाला लावलं, दुसरं शेडच्या अर्थिंगच्या पट्टीला, आणि मेन चालू करायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला.

मालक म्हणाला, “पण एमसीबी पडला नाही, मॅडम. लीकेज असतं तर पडला असता ना?”

ही समजूत पुष्कळांची असते. म्हणून हिशेब मांडते. वॉटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो. शंभर वॉट भागिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे अर्ध्या अँपिअरला थोडा कमीच. व्होल्टला त्या करंटने भागलं की रोध मिळतो, म्हणजे वस्तू विजेला किती अडवते ते. पेटलेल्या बल्बचा येतो साधारण पाचशे तीस ओहम. तिथला एमसीबी सोळा अँपिअरचा. अर्ध्या अँपिअरची तो दखलही घेत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. माणसासाठी ईएलसीबी लागतो, थोडा करंट जमिनीत गळला तरी वीज तोडणारा. तो शेडमध्ये नव्हता.

आता बल्बच्या जागी माणूस धरा. ओला हात, ओली फरशी, अनवाणी पाय. अंगाचा रोध हजार-दीड हजार ओहम. दोनशे तीस भागिले दीड हजार, म्हणजे बल्बच्या एक तृतीयांश करंट. हृदय बंद पडायला याच्याहून कितीतरी कमी पुरतो. कोरड्या रबरी चपला असल्या तर रोध काही लाखांत जातो आणि नुसत्या झिणझिण्या येतात.

“तेच म्हणतोय मी!” मालक उसळून म्हणाला. “चपला! मी स्वतः सगळ्यांना नव्या रबरी चपला आणून दिल्या. मशीन करंट मारतंय म्हणून पोरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात. कोण मालक देतो?”

मी पेन थांबवलं. माझा स्वभाव तापट. पण त्या क्षणी राग आला नाही, किळस आली. याला मशीनचा दोष माहीत होता. एक पिन बदलायची सोडून याने चपला वाटल्या.

“हे लिहून द्याल?” मी विचारलं.

“देतो की!” त्याने दिलं. ऐटीत सही केली.

बाहेर आले तर सुरेखा उठून उभी राहिली. “म्याडम, मशीन बिगाडलेलं व्हतं ना?”

“हो. तुझी चूक नाही.”

“पन मी बोलले नसते चपला काढा, तर असते का ते आज?”

हिशेबाने उत्तर होय होतं. मला खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. “त्या दिवशी वाचले असते,” मी म्हणाले. “पण ते मशीन कुणाला ना कुणाला धरणारच होतं गं.”

तिने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं असावं. पदर तोंडाला लावून ती खाली बसली.

भरपाई तिला मिळाली. मालकाची ती सही कोर्टात पुरेशी ठरली. नंतर चौक गावच्या बाजारात ती मला एकदा दिसली, मी हाक मारली. तिने ओळखलं आणि पुढे निघून गेली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर चपला शोधू नका, मेन बंद करा. पायातली चप्पल माणूस कधी ना कधी काढतोच.