टॅबवरचं प्लास्टिक

सुगंधा तावडे अंधेरीतल्या एका मराठी शाळेत एकवीस वर्षं शिकवत होत्या. मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत होते. बोलणं रोखठोक. मुलं त्यांना टरकून असत, तरी शनिवारचा त्यांचा तास सातवीतलं एकही पोर चुकवत नसे.

त्या तासाला मुलांनी घरच्या मोबाइलवर काढलेले फोटो आणायचे. बाई ते प्रोजेक्टरवर भिंतभर मोठे करायच्या आणि सगळ्या वर्गाने मिळून दहापैकी गुण द्यायचे. नुसता छान दिसतो म्हणून गुण मिळत नसत. कोणी काढला, कशासाठी काढला आणि चौकटीबाहेर काय ठेवलं, हे सांगावं लागे.

सर्वेशने एकदा वर्सोव्याच्या किनाऱ्याचा फोटो आणला. स्वच्छ वाळू, होड्या, निळं आकाश. सगळे नऊ-दहा म्हणून ओरडत असताना कोळीवाड्यातली हेमांगी उठली.

"बाई, चार द्या. कचऱ्याचा ढीग डाव्या हाताला आहे. यानं मुद्दाम मोबाइल उजवीकडे सरकवलाय."

सर्वेश लाजून हसला. बाईंनी त्या दिवशी वर्गाला हेमांगीसाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

जानेवारीत शाळेला टॅब देणाऱ्या संस्थेची माणसं पाहणीला आली. मुख्याध्यापक श्यामसुंदर सरांनी त्यांना थेट सातवीत आणलं. दारालगत नवा फलक लावला होता. त्यावर टॅब घेऊन बसलेली हसरी मुलं आणि खाली 'आमचा डिजिटल वर्ग'. पाहुण्यांतल्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही फोटो तपासता म्हणे! मग हाच तपासून दाखवा ना कोणीतरी."

हेमांगीचा हात वर गेला.

"फोटो सरांनी काढलाय, फलकासाठी," हेमांगी म्हणाली. "टॅब बंद आहेत. काळ्या काचेत खिडकी दिसतेय बघा. वरचं प्लास्टिकपण काढलेलं नाही. फोटो झाल्यावर आम्ही ते परत खोक्यात भरले. कपाटात आहेत. मी दोन देईन."

पाहुणे हसले, पण कपाट उघडायला लावूनच गेले.

दुपारी सरांनी सुगंधाबाईंना बोलावलं. "तावडेबाई, पोरीला हे कोणी शिकवलं?"

"मी फोटो बघायला शिकवलं, सर. ती खोटं काहीच बोलली नाही."

"पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तुमचं नाव आहे. गोपनीय अहवाल अजून माझ्याच टेबलावर आहे." सरांनी आवाजही चढवला नाही. "उद्या प्रार्थनेला ती माफी मागेल. सांगायचं तुम्ही."

त्या जागेची बाई सहा वर्षं वाट बघत होत्या. शाळा सुटताना त्यांनी हेमांगीला जिन्याशी गाठलं.

"उद्या सगळ्यांसमोर सॉरी म्हणायचं. मस्करी केली म्हणून सांग."

"पण बाई, माझं चुकलं कुठे? प्लास्टिक नव्हतं का?"

"होतं."

"मग?"

"तोंडाला तोंड देऊ नकोस गं! सांगितलं तेवढं कर."

हेमांगीने माफी मागितली. मान खाली घालून, चार शब्दांत. बाई मुलांच्या रांगेमागे उभ्या होत्या. आपण मध्ये पडावं, निदान तिच्या शेजारी जाऊन उभं राहावं, असं त्यांना वाटलं. पाय मात्र उचलला नाही.

त्या आठवड्यापासून शनिवारचा फोटोंचा तास बंद होऊन कवायतीला गेला. हेमांगीने पुन्हा वर्गात कधी हात वर केला नाही. प्रश्न विचारला तर "माहीत नाही" म्हणून खाली बसायची, आणि उत्तर तिला येतंय हे बाईंना दिसत असायचं.

एप्रिलमध्ये सुगंधाबाई पर्यवेक्षिका झाल्या. जूनमध्ये हेमांगीची आई रश्मी दाखला काढायला आली. मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून टेबलासमोर उभी राहिली.

"पोरगी घरी तुमचंच नाव घ्यायची, बाई," ती म्हणाली. "बाईंनी असं शिकवलं, तसं शिकवलं. आता फोटो काढ म्हटलं तर मोबाइल हातात घेत नाही. खोटं काय बोलली होती ती?"

"काही नाही," सुगंधाबाई म्हणाल्या. इतकं हळू, की रश्मीने "काय?" म्हणून विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचा रकाना होता. सुगंधाबाईंनी त्यात 'पालकांच्या इच्छेनुसार' असं लिहिलं, खाली सही केली आणि शिपायाला शिक्का मारायला सांगितलं.