बॅटरी वाढली!

ह्यांच्या छातीवर, कातडीखाली पेसमेकरचा छोटा उंचवटा आहे. त्याची बॅटरी उतरत आलीय, सोमवारी बदलायची. मी त्या उंचवट्याकडे बघत होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती प्रयोगशाळेत असते. काजळीहून बारीक कोळशाची पूड आम्लात उकळून तिच्या बॅटऱ्या करते.

"मावशी, वाढली गं! बॅटरी वाढली!"

"अगं, असं अभद्र काय बोलतेस!" मी ओरडले. अहो, आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"अगं, बॅटरीची क्षमता वाढली! तुझं आपलं काहीतरीच," ती हसली. "आता जास्त वीज धरून ठेवते."

मीही हसले, पण धडधड थांबेना. वाईट तोंडातून निघू नये म्हणून आपण चांगलाच शब्द त्याच्यावर पांघरतो. मग आनंदाची बातमी आली, तरी आधी भीतीच वाटते. शिवाय भाचीची बॅटरी अजून तिच्या टेबलावरच आहे. ह्यांना नेहमीचीच बसणार.

"काय म्हणते पोर?" ह्यांनी विचारलं.

"तिची बॅटरी आता जास्त टिकते म्हणे," मी म्हटलं. तो दुसरा शब्द गिळला, आणि ह्यांच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसले.